खिडकीवरचे नाव

कमाटीबागेच्या दारापाशी घोड्यावर बसलेले श्रीमंत सयाजीराव महाराज आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिले आहेत. त्या बागेचे कागदोपत्री नाव सयाजीबाग. पण आपल्या जुन्या घरांतून कोणी तसे म्हणत नाही. आणि त्या पुतळ्याच्या चौकाला तर सारे गाव काळा घोडा म्हणते. म्हणजे बागेच्या नावातून महाराज गेले, आणि पुतळ्यातूनही महाराज गेले. उरला तो घोडा! लोकांच्या तोंडी जे बसते ते बसते, त्याचे मला कधी फारसे वाईट वाटले नव्हते. परंतु काही वर्षांपूर्वी मुलीकडे कॅलिफोर्नियात राहावयास गेलो असता आम्ही सारे अनाहाइमचे डिस्नेलँड पाहावयास गेलो, तेव्हा हाच प्रकार मला परक्या मुलखात भेटला आणि मी जरा चपापलो.

तिथल्या राजवाड्यासमोरच्या चौकात काशाचा एक पुतळा आहे. कोट घातलेला एक गृहस्थ एका हाताने मिकी उंदराचा हात धरून उभा आहे आणि दुसरा हात लांबवर कुठेतरी दाखवीत आहे. माझ्या सात वर्षांच्या नातवाने उंदीर तत्काळ ओळखला. शेजारचा माणूस कोणत्या चित्रपटातला, असे मात्र त्याने मला विचारले. डिस्ने हे कुणा माणसाचे नाव असेल ही गोष्ट त्याच्या गावीही नव्हती. साबणाचे किंवा बिस्किटांचे नाव असते तसे ते एक नाव, अशी त्याची समजूत. रांगेत उभे राहण्यात तिथे दिवस जातो. त्या दिवशी मी त्याला जे थोडेबहुत सांगितले आणि मागाहून पुस्तकांतून जे वाचले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

ज्या शिकागोत १९३३ साली आपले महाराज सर्वधर्म परिषदेसाठी गेले होते, त्याच शहरी ५ डिसेंबर १९०१ रोजी वॉल्टचा जन्म झाला. बाप एलायस हा सुतारकाम, बांधकाम, शेती, वर्तमानपत्रांचे वाटप असे एकामागून एक उद्योग करणारा आणि कशातच पुरते यश न आलेला, कडक स्वभावाचा मनुष्य. १८९३ साली शिकागोत जे प्रचंड जागतिक प्रदर्शन भरले होते त्याच्या इमारती उभारणाऱ्या सुतारांत तो होता. १९०६ साली हे कुटुंब मिसुरी प्रांतातल्या मार्सलीन या लहानशा गावाजवळ शेतावर राहावयास गेले. आगगाडीचा रस्ता, गावातली एकच मोठी पेठ, गुरेढोरे, झाडे. वॉल्टचे बालपण म्हणावे ते एवढेच, उणीपुरी चार-पाच वर्षे. शेत विकावे लागले आणि बिऱ्हाड कॅन्सस सिटीत आले. तिथे बापाने वर्तमानपत्रांची लाईन घेतली आणि नऊ-दहा वर्षांचे हे पोर पहाटे साडेतीनला उठून, गुडघाभर बर्फ तुडवीत घरोघर अंक टाकू लागले. हे काम सुमारे सहा वर्षे चालले आणि त्याची मजुरी बापाने मुलाच्या हाती दिली नाही. एखाद्या घरी अंक टाकायचा राहून गेला आहे, अशी स्वप्ने वॉल्टला पुढे जन्मभर पडत. या बापलेकांच्या नात्याकडे वाचकांनी जरा लक्ष ठेवावे. पुढे त्याचे कारण पडणार आहे.

मधला काळ मी भराभर सांगतो, कारण तो बहुतेकांस ठाऊक असतो. पहिल्या महायुद्धाचा तह झाल्यावर फ्रान्समध्ये रेड क्रॉसची मोटार हाकली, कॅन्सस सिटीत व्यंगचित्रपटांचा कारखाना काढला, त्याचे १९२३ साली दिवाळे निघाले, मग हॉलिवूड. तिकडे थोरला भाऊ रॉय क्षयातून बरा होत होता. दोघांनी मिळून ऑक्टोबर १९२३ मध्ये डिस्ने बंधू या नावाने धंदा मांडला. तीन वर्षांनी पाटी बदलली आणि तिच्यावर एकट्या वॉल्टचे नाव आले. हिशेब, कर्जे आणि बँकांच्या पायऱ्या मात्र रॉयकडेच राहिल्या. १९२८ साली ऑस्वाल्ड नावाचा ससा वितरकाने हातोहात काढून घेतला, तेव्हा त्याच्या जागी मिकी उंदीर आला. तो काढला अब आयवर्क्स या चित्रकाराने, आवाज वॉल्टचा. १९३७ च्या डिसेंबरात स्नो व्हाइटचा पूर्ण लांबीचा चित्रपट पडद्यावर आला आणि डिस्ने हे नाव जगाच्या कानाकोपऱ्यात गेले.

हे नाव मोठे झाले खरे, पण त्याच्या सावलीत पुष्कळ नावे झाकली गेली. शेकडो चित्रकार रात्रंदिवस चित्रे काढीत आणि लहान चित्रपटांच्या आरंभी नाव झळके ते एकट्या वॉल्ट डिस्नेचे. २९ मे १९४१ रोजी कारखान्यात संप झाला. पगार आणि संघटनेची मान्यता यांबरोबरच पडद्यावर नाव लागावे हेही एक गाऱ्हाणे होते. वॉल्टने हा संप धंद्यातला वाद म्हणून घेतला नाही. घरच्यांनी दगा दिला असे त्याने मानले, आणि १९४७ साली काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे त्याचे खापर कम्युनिस्टांवर फोडले. त्याच्या भक्तांनी लिहिलेल्या चरित्रांत हा भाग चिमटीने उचलल्यासारखा येतो. मला तो टाळावासा वाटत नाही.

आणखी एक दुःख याच सुमारास घडले. भाग्य उजाडल्यावर दोघा भावांनी आईबापांसाठी हॉलिवूडला घर घेतले होते. त्या घरातल्या उष्णतेच्या भट्टीत बिघाड होऊन विषारी वायू कोंडला आणि १९३८ च्या नोव्हेंबरात आई फ्लोरा गेली. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९४१ मध्ये, एलायस वारला. वॉल्ट तेव्हा दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यावर होता; तो अंत्यविधीला परतला नाही.

बागेची कल्पना त्याला कुठे सुचली याविषयी तो स्वतः सांगे ते असे. शनिवारी दोन्ही मुलींना घेऊन तो लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात जाई. मुली लाकडी घोड्यांवर बसून गरगर फिरत आणि बाप बाकावर बसून शेंगदाणे खाई. मुलांनी खेळावे आणि मोठ्यांनी नुसते कंटाळून बसावे, असे का असावे? दोघांनाही रमता येईल अशी स्वच्छ जागा का नसावी? १९५१ साली त्याने कोपनहेगनचे टिव्होली उद्यान पाहिले आणि कल्पना पक्की झाली. पैसा मात्र कोणी देईना. रॉयचासुद्धा आरंभी या नादाला विरोध होता. वॉल्टने आपल्या आयुर्विम्यावर कर्ज काढले, एक घर विकले आणि शेवटी एबीसी या टेलिव्हिजन कंपनीशी सौदा केला. तिने पाच लाख डॉलर घातले, कर्जाची हमी घेतली आणि बदल्यात तिला दर आठवड्याचा कार्यक्रम व बागेत तिसऱ्या हिश्शाहून थोडी अधिक भागी मिळाली. अनाहाइमजवळची १६० एकरांची संत्र्यांची बाग घेऊन जुलै १९५४ मध्ये काम सुरू झाले, आणि १७ जुलै १९५५ रोजी दरवाजे उघडले. खर्च झाला सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलर. त्या दिवशी भयंकर उकाडा होता. खोट्या तिकिटांनी माणसे बेसुमार घुसली, पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले आणि नव्या डांबरात बायकांच्या बुटांच्या टाचा रुतून बसल्या. कार्य म्हटले की कुठेही हेच!

दारातून आत शिरले की पहिल्याने लागते ती एक जुन्या वळणाची पेठ. ती मार्सलीनच्या आठवणीवरून उठविलेली आहे. वरचे मजले खालच्यापेक्षा मुद्दाम लहान बांधल्यामुळे इमारती आहेत त्याहून उंच भासतात. त्या वरच्या मजल्यांच्या खिडक्यांवर जुन्या दुकानदारांची असावीत तशी नावे रंगविली आहेत: कुणी शिंपी, कुणी छायाचित्रकार, कुणी आगगाडीचा एजंट. शेकडो माणसे खालून जातात, मान वर करून कोणी वाचीत नाही. ही नावे काल्पनिक नाहीत. ज्यांनी ही बाग उभी केली आणि चालविली त्या चित्रकारांची, इंजिनियरांची, व्यवस्थापकांची ती आहेत. ज्याच्या कारखान्यात पडद्यावर नाव लागावे म्हणून माणसे भांडली होती, त्याच्याच पेठेत माणसांची नावे खिडकीवर चढली. आणि त्या खिडक्यांपैकी एकीवर एलायस डिस्ने, बांधकामाचा कंत्राटदार, स्थापना १८९५ असे लिहिले आहे. धंद्यात जन्मभर हार खाल्लेल्या, मुलाची मजुरी दाबून ठेवणाऱ्या आणि ज्याच्या अंत्यविधीला मुलगा आला नाही अशा त्या बापाला, तो गेल्यावर चौदा वर्षांनी मुलाने आपल्या पेठेत दुकान थाटून दिले. साऱ्या डिस्नेलँडात मला सर्वांत आवडले ते हे.

त्याच पेठेच्या तोंडाशी बंबखाना आहे. त्याच्या माडीवर वॉल्टचे छोटेसे बिऱ्हाड होते. बागेत मुक्काम असला म्हणजे तो तिथे राही आणि खिडकीत दिवा असे. १५ डिसेंबर १९६६ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला, वय पासष्ट. त्याचे शरीर बर्फात गोठवून ठेवले आहे ही आवई आपल्याकडेही पोचलेली आहे. ती साफ खोटी. त्याचे दहन झाले. खिडकीतला तो दिवा मात्र तेव्हापासून लावून ठेवतात.

मृत्यूच्या वेळी फ्लोरिडात सुमारे सत्तावीस हजार एकर जमीन घेऊन झालेली होती. रॉय तेव्हा निवृत्त होण्याच्या बेतात होता. त्याने बेत गुंडाळून ठेवला आणि धाकट्या भावाचे अर्धे राहिलेले काम हाती घेतले. नव्या जागेचे नाव डिस्ने वर्ल्ड ठरले होते. रॉयने त्याच्या आधी वॉल्ट हा शब्द घालावयास लावला, कारण हे स्वप्न कुणाचे होते ते लोकांनी विसरू नये. १ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडले आणि २० डिसेंबरला रॉय वारला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्याचा पाटीवरचा वाटा गेला होता, त्याच माणसाने हे केले. बंधुप्रेमाची उदाहरणे द्यावयास आपण एकदम रामायणात जातो. हे आपल्या काळातले आहे.

पुढे मानसन्मान वाढत गेले. मी पाहिलेला काशाचा पुतळा १९९३ सालचा, ब्लेन गिब्सन या कंपनीतल्याच शिल्पकाराने केलेला. त्याच्या प्रती फ्लोरिडा, टोकियो, पॅरिसलाही गेल्या. फ्लोरिडात रॉयचाही पुतळा आहे. तो बाकावर बसलेला असून शेजारी मिनी उंदरी आहे. २०१२ साली शेजारच्या दुसऱ्या उद्यानात बॅग घेऊन हॉलिवूडला उतरलेला तरुण वॉल्ट उभा केला. पण याच काळात, २०११ पासून, चित्रपटांच्या आरंभीच्या पाटीतून वॉल्ट हा शब्द गळला आणि नुसते डिस्ने उरले. रॉयने जोडलेले कारकुनांनी काढले म्हणायचे! लोकांना आपला बाप हा माणूस न वाटता छाप वाटू लागला, हे थोरली मुलगी डायान हिच्या मनाला लागून राहिले होते. तिने २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोत बापाच्या नावाचे संग्रहालय काढले. त्यात ती संपाची हकीकतही वगळलेली नाही.

आम्ही जाऊन आल्यावरची गोष्ट. बागेला सत्तर वर्षे झाली त्या दिवशी, १७ जुलै २०२५ रोजी, पेठेतल्या नाटकघरात कंपनीने वॉल्टचा यंत्राचा पुतळा आणला. तो हातवारे करतो आणि वॉल्टच्याच जुन्या ध्वनिमुद्रणांतले शब्द बोलतो. त्याच्या एका नातीने त्याआधीच जाहीर विरोध केला होता. आजोबांचे हे बाहुले म्हणजे त्यांच्यातले माणूसपण काढून घेणे, असा तिचा आक्षेप. घरातल्या इतरांनी संमती दिली. माझे मन नातीकडे झुकते. पण लगेच आठवते की हे यंत्रविद्येचे खूळ खुद्द वॉल्टचेच. १९६४ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनासाठी त्याने अध्यक्ष लिंकनला असाच खुर्चीतून उठवून भाषण करावयास लावले होते, आणि पुढच्या वर्षी याच नाटकघरात आणून बसविले होते. लिंकनचा चेहरा घडविणारा तोच ब्लेन गिब्सन. लिंकनला कोणी विचारले होते? तेव्हा वॉल्टची तक्रार कोणत्या तोंडाने करावी, हे मला उलगडत नाही. तरीही तो बोलता पुतळा पाहावयास मी पुन्हा इतक्या दूर जाईन असे वाटत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी परतताना मी नातवाला बंबखान्याची खिडकी दाखविली. दिवा लागलेला होता. तिथे आता कोण राहते असे त्याने विचारले. कोणी नाही, असे मी सांगितले. मग आम्ही एलायसची खिडकी शोधू लागलो. चष्मा घरी राहिला होता म्हणून मी बोट दाखवायचे आणि त्याने मान उंच करून एकेक अक्षर वाचायचे असे ठरले. चार-पाच परकी नावे झाली, मग ती सापडली. कंत्राटदार म्हणजे काय, ते त्याला समजावून देत होतो तोच मुलीने पुढून हाक मारली. गाडीतळाकडे नेणारी गाडी सुटत होती.