दगडी हाडांचा चित्रकार

हिंगोली-परभणीकडे मुलाच्या लग्नाचा विषय निघाला की आधी मामाच्या मुलीचे नाव येते. भाच्याचा तो हक्कच मानला जातो. सून ओळखीची, घर पाहिलेले, देण्याघेण्याची घासाघीस कमी. मावशीच्या मुलीचा विचार मात्र कोणी मनातही आणत नाही, ती बहीण.

दक्षिण फ्रान्समधल्या सरदार घराण्यांत हा भेद पाळत नसत. १८६३ साली काउंट आल्फोन्स द तुलूझ-लोत्रेक आणि आदेल तापिए द सेलेरान यांचे लग्न झाले तेव्हा वधूवर सख्खे मावसभाऊ-मावसबहीण होते. पुढे आल्फोन्सची बहीण आदेलच्या भावाला दिली. आपल्या भाषेत साटेलोटे. जमिनी, वाडे आणि किताब घरातल्या घरात राहावेत, हा त्यामागचा व्यवहारी हिशेब.

२४ नोव्हेंबर १८६४ रोजी अल्बी गावी आदेलला मुलगा झाला. आंरी. धाकटा रिशार वर्षभराचा होण्याच्या सुमारास गेला, आणि आईचे सारे जग या एका मुलाभोवती गोळा झाले. वडील शिकारीचे, घोड्यांचे आणि ससाण्यांचे शौकीन. संसारात फारसे न रमणारे. वारस आपल्या मागे घोडा दौडवील, अशी त्यांची अपेक्षा.

मुलगा मात्र नाजूक. १८७८ च्या मे महिन्यात, तेरा वर्षांचा असताना, बुटक्या खुर्चीवरून उठताना तो घसरला आणि मांडीचे हाड मोडले. पुढच्या वर्षी आईबरोबर फिरताना उथळशा चरात पडला, तर दुसरी मांडी मोडली. घोड्यावरून पडला असता तर लोकांनी समजून घेतले असते. खुर्चीवरून उठताना हाड मोडते म्हणजे काय? महिनोन्महिने बिछाना, औषधी पाण्याचे झरे, नामांकित डॉक्टर, सगळे झाले. हाडे सांधली, पण पाय वाढले नाहीत. धड पुरुषभर वाढले, पाय पोरसवदाच राहिले. पुऱ्या वयात उंची जेमतेम पाच फूट, हातात काठी.

बिछान्यातल्या त्या महिन्यांत त्याने घोडे रंगवले. ज्यांच्यावर बसता येणार नव्हते तेच घोडे, उधळलेले, चौखूर. १८८२ मध्ये तो पॅरिसला चित्रकला शिकायला गेला आणि माँमार्त्र या रंगेल वस्तीत रमला. १८८९ मध्ये तिथे मूलँ रूज हे नाचगाण्याचे घर उघडले. १८९१ साली त्याने त्याची जाहिरात केली: मध्यभागी नर्तकी ला गुल्यू, पुढे तिच्या जोडीदाराची करडी सावलीसारखी आकृती, मागे गर्दीच्या नुसत्या काळ्या छायाकृती. भिंतीभिंतींवर ते पोस्टर लागले आणि पॅरिसला त्याचे नाव ठाऊक झाले. पोस्टर ही चित्रकाराने हात लावण्याजोगी वस्तू आहे, हे लोकांना पटवणाऱ्या मोजक्या माणसांत त्याची गणना होते.

त्या वस्तीतल्या गायिका, नर्तकी आणि बदनाम घरांतल्या बायका यांची चित्रे त्याने काढली, ती कोणाचीही कीव न करता. दमलेल्या, केस विंचरणाऱ्या, बिछान्यात पडून राहिलेल्या बाया त्यांत दिसतात. मला वाटते, लोक रोखून पाहतात तेव्हा कसे वाटते ते त्याला घरबसल्या समजलेले होते. त्याला भित्रा मात्र कोणी म्हणू नये. १८९० मध्ये ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात एका चित्रकाराने व्हॅन गॉगची निंदा केली, तेव्हा या काठी टेकणाऱ्या माणसाने त्याला द्वंद्वाचे आव्हान दिले होते.

दारूने घात केला. १८९९ मध्ये घरच्यांनी त्याला मनोरुग्णांच्या इस्पितळात ठेवले. आपण शुद्धीवर आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्याने तिथे नुसत्या आठवणीवर सर्कशीची चित्रे काढली आणि काही आठवड्यांत सुटका करून घेतली. पण शरीर संपले होते. ९ सप्टेंबर १९०१ रोजी आईच्या मालरोमे येथील वाड्यात तो वारला. सदतीस पुरी झाली नव्हती. मागे सातशेहून अधिक तैलचित्रे आणि हजारो रेखाटने.

त्याला झाले काय होते, हे तेव्हा कोणालाच उमगले नाही. १९६२ मध्ये मारोतो आणि लामी या फ्रेंच डॉक्टरांनी एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराचे वर्णन केले: पिक्नोडिसोस्टोसिस. उंची कमी, हनुवटी मागे गेलेली, टाळू मोठेपणीही न भरलेली, हाडे एक्स-रेवर दाट दिसतात पण सहज मोडतात. १९६५ मध्ये त्यांनीच सुचवले की लोत्रेकचा आजार हाच असावा. त्याची दाढी आणि सदा डोक्यावर असलेली हॅट यांचा अर्थ मग अनेकांना नव्याने लागला. हे निदान सगळ्यांना मान्य नाही. काही अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्या आहेत.

हाड दाट असून ठिसूळ कसे? आपले हाड आयुष्यभर थोडे थोडे मोडले जाते आणि नव्याने बांधले जाते. जुने पाडण्याच्या कामी कॅथेप्सिन के नावाचे विकर लागते. १९९६ मध्ये कळले की या विकारात त्याचेच जनुक बिघडलेले असते. पाडकाम थांबते, बांधकाम चालूच राहते. जुन्या गिलाव्यावर नवा गिलावा थापत गेल्यासारखी भिंत जाड होते, पण एका ठोक्याला तडकते.

दोष आई व वडील दोघांकडून आला तरच रोग होतो. दोन सह्यांशिवाय न वटणाऱ्या चेकसारखे हे आहे. एकाच बाजूने आला तर माणूस ठणठणीत, पण दोष वाहून नेतो. असे दोघे एकत्र आले तर प्रत्येक अपत्याला धोका चारात एक. परक्या घरांत असे दोघे गाठ पडणे अवघड. एकाच आजी-आजोबांच्या नातवंडांत ते सोपे. सख्ख्या आते-मामे, मावस वा चुलत भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके सारखी असतात. मावशीची मुलगी बहीण आणि मामाची मुलगी बायको, हा आपला भेद जनुकांना कळत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही नाती वर्ज्य ठरवली, पण रूढी असेल तिथे सूट ठेवली.

म्हणून मामाच्या मुलीशी लग्न केलेल्यांनी घाबरण्याचे कारण नाही. जन्मजात दोषाचा धोका एरवी शंभरात दोन-तीन असतो, तो अशा लग्नात सुमारे दुप्पट होतो. म्हणजे बहुतेक मुले धडधाकटच. घराण्यात एखाद्याची हाडे वारंवार मोडत असतील, वाढ खुंटली असेल, किंवा जन्मजात बहिरेपणा असेल, तर मात्र लग्नाआधी आनुवंशिकीच्या जाणकार डॉक्टरांना विचारलेले बरे. पत्रिका पाहायला आपण वेळ काढतोच.

लोत्रेकची आत्या आणि मामा यांच्या त्या दुसऱ्या लग्नातून डझनाहून अधिक मुले झाली. त्यांतल्याही काहींची वाढ खुंटली. पण त्यांचाच एक मुलगा गाब्रिएल उंच, शिडशिडीत. शिकून डॉक्टर झाला आणि पॅरिसमध्ये लोत्रेकच्या सोबतीला असे. मूलँ रूजच्या आतल्या एका मोठ्या चित्रात, जे आता शिकागोच्या संग्रहालयात आहे, लोत्रेकने दोघांना शेजारी चालताना दाखवले आहे: एक खुजा, एक ताडमाड. रक्त एकच.

आदेल मुलामागे जवळजवळ तीस वर्षे जगली. त्याच्या स्टुडिओतली चित्रे तिने आणि त्याचा मित्र मॉरीस ज्वायाँ याने अल्बीला दिली, आणि १९२२ मध्ये तिथल्या जुन्या बिशपच्या वाड्यात संग्रहालय उघडले. जन्मगावी, नदीकाठी. ती १९३० मध्ये वारली.