सेनापती बापट

अहिल्यानगर जिल्हा, ज्याला पूर्वी अहमदनगर जिल्हा म्हणत, तो पर्जन्यछायेचा मुलूख आहे. पाऊस थोडा, जमीन हलकी, आणि माणसे कष्टाळू. याच जिल्ह्यातील पारनेर या गावी १२ नोव्हेंबर १८८० रोजी पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म झाला. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना सेनापती म्हणून ओळखू लागला. परंतु हे सेनापती कोणत्याही राजाच्या पदरी नव्हते, आणि त्यांच्या सेनेला पगार मिळत नसे. अन्यायाविरुद्ध उभे राहिलेले सामान्य नागरिक हेच त्यांचे सैनिक होते.

पांडुरंग लहानपणापासून बुद्धिमान होता. घरची स्थिती बेताची होती. मॅट्रिकच्या परीक्षेत त्याला संस्कृतासाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते १९०३ साली पदवीधर झाले. मुंबई विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली ते यंत्रशास्त्राच्या अभ्यासासाठी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे गेले. मोठी नोकरी, मानमरातब आणि सुखाचे आयुष्य ही सारी समोर वाट पाहत होती. परंतु विद्यार्थिदशेतच त्यांनी मातृभूमीच्या सेवेची शपथ घेतली होती. इंग्रजी राज्याने हिंदुस्थानची कशी दैना केली आहे, हे त्यांनी खुद्द इंग्रजांच्या देशात एका भाषणात निर्भयपणे मांडले. परिणामी त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. ते डगमगले नाहीत.

लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मा आणि विनायक दामोदर सावरकर यांच्याशी त्यांचा संबंध आला. सशस्त्र क्रांतीशिवाय देश स्वतंत्र होणार नाही, अशी त्या काळी अनेक तरुणांची धारणा होती. बापटही त्यांतलेच एक होते. पॅरिसला जाऊन त्यांनी रशियन क्रांतिकारकांकडून बाँब तयार करण्याची विद्या मिळविली आणि १९०८ साली ते स्वदेशी परतले. लवकरच पोलीस त्यांच्या मागावर लागले. सुमारे चार वर्षे ते वेष पालटून गावोगाव हिंडत राहिले.

या भटकंतीने त्यांना एक मोठा धडा दिला. आपण परतंत्र आहोत, आपल्यावर परके लोक राज्य करीत आहेत, याची जाणीवच देशातील बहुसंख्य लोकांना नव्हती. ज्याला आपल्या बेड्या दिसत नाहीत, तो त्या तोडणार कशा? मूठभर शूर तरुणांनी प्राण दिले तरी जनता निद्रिस्त राहिली, तर त्या बलिदानाचे सार्थक होणार नाही, हे बापटांच्या ध्यानी आले. लोकांना जागे करणे हेच यापुढचे मुख्य कार्य, असे त्यांनी मनाशी ठरविले.

१९१२ साली त्यांना अटक झाली. सुटका झाल्यावर ते पारनेरला आले आणि त्यांनी हाती झाडू घेतला. विलायतेत शिकून आलेला हा पदवीधर पहाटे उठून गावचे रस्ते झाडू लागला, तेव्हा लोक चकित झाले. कोणतेही काम हलके नाही आणि कोणताही मनुष्य हीन नाही, हे त्यांना कृतीने दाखवावयाचे होते. १९१४ साली त्यांना पुत्र झाला. त्याच्या बारशाच्या वेळी पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांची बसविली. त्या काळी एवढ्या गोष्टीनेही माणसाला समाजाचा रोष पत्करावा लागे. बापटांनी तो आनंदाने पत्करला.

पुण्याजवळच्या मुळशी खोऱ्यात त्यांच्या जीवनाचे पुढचे पर्व घडले. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने तेथे, नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ, धरण बांधण्याचे योजिले होते. त्यात पन्नासाच्या आसपास गावे पाण्याखाली जाणार होती. ही गावे मावळ्यांची होती. भाताची खाचरे, देवळे आणि वाडवडिलांची घरे सोडून जाण्यास ते राजी नव्हते. सरकारने मात्र भूसंपादनाच्या कायद्याचा आधार घेऊन जमिनी कंपनीच्या स्वाधीन करण्याचे ठरविले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. त्या काळी मुंबई इलाख्यात कायदेमंडळ होते. परंतु मत देण्याचा हक्क ठराविक सारा किंवा कर भरणाऱ्या थोड्या लोकांनाच होता. गरीब शेतकऱ्याला, कुळाला, मजुराला कोणी विचारीत नसे. ज्यांची घरे बुडणार होती, त्यांच्यापैकी बहुतेकांना ती बुडवावीत की नाही यावर मत देण्याची सोय नव्हती. मग त्यांनी आपले म्हणणे मांडावे कोठे? १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, स्त्रीपुरुषांचा मोठा समुदाय धरणाच्या जागी जमला आणि तेथेच बसून राहिला. काम थांबले. मुळशीचा सत्याग्रह तो हाच. बापट या लढ्याचे अग्रणी झाले आणि येथेच लोकांनी त्यांना सेनापती ही पदवी दिली.

लढा तीन वर्षे चालला. सेनापतींना वारंवार तुरुंगवास भोगावा लागला. सावकारी करणाऱ्या काही जमीनमालकांनी पैसे घेऊन माघार घेतली आणि शेतकऱ्यांची बाजू दुबळी झाली. अखेरीस १९२४ साली सेनापतींनी धरणाच्या कामाची आगगाडी अडविली. त्या वेळी त्यांनी शस्त्रही हाती घेतले होते, आणि अहिंसेच्या मार्गाने चालणाऱ्या अनेकांना ते रुचले नाही. सेनापतींनी आपले कृत्य लपविले नाही. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पुरे झाले आणि गावे बुडाली. लढा हरला, तथापि विकासाच्या नावाखाली दुर्बलांचे घर जात असेल तर त्यांना विचारले पाहिजे, हा प्रश्न मुळशीने देशापुढे प्रथमच एवढ्या ठळकपणे उभा केला.

१९३१ साली सुटका झाल्यावर थोड्याच दिवसांत, सरकारविरोधी भाषणांबद्दल त्यांना पुन्हा दीर्घ मुदतीची शिक्षा झाली. १९३७ साली ते मुक्त झाले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा पुणे शहरात राष्ट्रध्वज उभारण्याचा मान त्यांना देण्यात आला.

स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, आणि प्रौढ झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाला मताचा हक्क मिळाला. पूर्वी ज्या मावळ्याला कोणी विचारीत नव्हते, त्याच्या मताचे मोल आता धनिकाच्या मताइतकेच झाले. मग सेनापतींचे कार्य संपले काय? तसे झाले नाही. मे १९५५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, ते नानासाहेब गोरे यांच्यासह पोर्तुगीजांच्या अमलाखालील गोव्यात सत्याग्रहींची तुकडी घेऊन शिरले.

त्याच वर्षी महाराष्ट्रापुढे मोठा प्रश्न उभा राहिला. मराठी भाषिकांचे एक राज्य व्हावे आणि मुंबई त्याची राजधानी असावी, अशी जनतेची इच्छा होती. परंतु महाराष्ट्र, गुजरात आणि स्वतंत्र मुंबई अशी तीन राज्ये करण्याची योजना पुढे आली, आणि ती नोव्हेंबर १९५५ मध्ये मुंबईच्या विधानसभेत चर्चेस ठेवण्यात आली. विधानसभेचे सभासद लोकांनी निवडलेले होते. पण या प्रश्नावर लोकांचा कौल कोणी घेतला नव्हता. प्रतिनिधी एका बाजूस आणि जनता दुसऱ्या बाजूस, असा प्रसंग आला तर नागरिकाने काय करावे? सेनापतींनी त्याचे उत्तर पायांनी दिले. १८ नोव्हेंबर रोजी त्यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींचा मोर्चा विधानसभेकडे निघाला. सहाच दिवसांपूर्वी त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली होती. ते सभासद नव्हते, मंत्री नव्हते. हाती शस्त्र नव्हते. तारुण्यात बाँबची विद्या शिकलेला हा पुरुष आता निःशस्त्र होऊन लोकांनीच निवडलेल्या सभागृहाला लोकांचे म्हणणे ऐकविण्यास चालला होता. पोलिसांनी मोर्चा अडविला आणि सेनापतींना अटक झाली.

पुढचा काळ दुःखाचा होता. २१ नोव्हेंबर रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला आणि पंधरा जणांनी प्राण गमावले. संयुक्त महाराष्ट्राच्या संपूर्ण लढ्यात शंभराहून अधिक लोक हुतात्मे झाले. १९५६ साली गुजरात आणि महाराष्ट्र यांचे एकच द्विभाषिक राज्य करण्यात आले. लोकांनी आपले उत्तर १९५७ च्या निवडणुकीत मतपेटीतून दिले. मुंबई शहरात आणि पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने मोठा विजय मिळविला. राज्यकर्त्यांना जनतेचे मन कळले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

बेळगाव, कारवार, निपाणी या भागांतील मराठी भाषिक मात्र महाराष्ट्राबाहेर राहिले. त्यांच्यासाठी १९६६ साली सेनापतींनी उपोषण आरंभिले. त्या वेळी ते पंच्याऐंशी वर्षांचे होते. त्याच वर्षी केंद्र सरकारने सीमाप्रश्नासाठी न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला. आयोगाचा निर्णय महाराष्ट्राला मान्य झाला नाही, आणि २००४ साली हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सेनापतींचे प्रत्येक कार्य यशस्वी झाले, असे म्हणता येणार नाही. परंतु यश मिळेल की नाही याचा हिशेब करून ते कधी पुढे झाले नाहीत.

२८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. मुंबईत आणि पुण्यात मोठ्या रहदारीच्या रस्त्यांना त्यांचे नाव दिलेले आहे. ज्याने पारनेरचे रस्ते स्वतः झाडले, त्याचे असे स्मारक व्हावे हे उचितच होय.

बालमित्रांनो, काही वर्षांनी तुम्हांलाही मताचा हक्क मिळेल. तो मिळविण्यासाठी कित्येकांनी आयुष्य वेचले आहे, म्हणून तो विचारपूर्वक बजावा. तथापि पाच वर्षांतून एकदा मत दिले की नागरिकाचे कर्तव्य संपले, असे समजू नका. आपण निवडलेले लोक काय ठरवीत आहेत, आणि त्या निर्णयाने कोणाचे घर बुडणार आहे, इकडे प्रत्येकाचे लक्ष असावे. ज्याचा आवाज सभागृहापर्यंत पोहोचत नाही, त्याच्यासाठी कोणीतरी तेथवर चालत गेले पाहिजे. सेनापती बापट जन्मभर तसे चालत राहिले.