विश्लेषण : चांगले-वाईट कशावरून ठरवायचे? लोकमान्य टिळकांनी काय उत्तर दिले?

१८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेले, गणित आणि कायदा शिकलेले बाळ गंगाधर टिळक १८९७ मध्ये भायखळ्याच्या तुरुंगात होते. ‘केसरी’तील लिखाणाबद्दल राजद्रोहाची १८ महिन्यांची शिक्षा, आधी डोंगरी, मग भायखळा, शेवटी येरवडा. सहा युरोपीय ज्यूरींनी दोषी ठरवले, तिघा हिंदी ज्यूरींनी निर्दोष. १९०८ मध्ये पुन्हा राजद्रोह, ज्यूरी पुन्हा फुटली, सातास दोन. यावेळी सहा वर्षे मंडाले.

मंडालेत काय लिहिले?

१९१०-११ च्या हिवाळ्यात, जेमतेम पाच महिन्यांत, पेन्सिलीने ‘गीतारहस्य’. त्यात गीतेबरोबर मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन यांचीही उलटतपासणी आहे. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख ही मिलच्या पंथाची कसोटी टिळकांना अपुरी वाटली. का, ते सांगायला त्यांनी ट्रामची गोष्ट घेतली. अमेरिकेतल्या एका शहरात ट्रामची परवानगी अडली, व्यवस्थापकाने लाच देऊन ती मिळवली. गावाची सोय झाली, पण खटलाही झाला. पहिल्या ज्यूरीचे एकमत होईना. दुसरीने दोषी ठरवले. (ज्यूरीचे मतभेद टिळकांनी स्वतः भोगले होते.) म्हणजे नुसता फायदा मोजून भागत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते. म्हणूनच कांट आणि ग्रीन त्यांना जवळचे वाटले.

अडचण कुठे उरते?

दुसऱ्याची बुद्धी दिसायची कशी? न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्या कोर्टातही टिळकांच्या लेखांवरून हेतूच शोधला गेला होता.

१९१४ मध्ये सुटका झाली तेव्हा हस्तलिखित सरकारकडेच होते. ते परत मिळाले आणि १९१५ मध्ये ग्रंथ छापून आला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईतच, सरदारगृहात, टिळकांचे निधन झाले.