विश्लेषण : रंगनाथन यांची शोधपद्धत ग्रंथालयांत मागे पडली, पण मोबाइलवर कशी टिकली?

शॉपिंग ॲपमध्ये बूट शोधताना आपण रंग, माप, किंमत असे फिल्टर लावतो. एकाच गोष्टीची अनेक पैलूंनी नोंद करण्याची अशीच पद्धत डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये पुस्तकांसाठी मांडली होती.

गणिताचे प्राध्यापक ग्रंथालयात कसे?

तमिळनाडूतील शियाळी येथे १८९२ मध्ये जन्मलेले रंगनाथन प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. सुरुवातीला या कामात त्यांचे मन रमेना. लंडनला ग्रंथालयशास्त्र शिकायला गेल्यावर मात्र मत बदलले. तिथे एका दुकानात मेकॅनो हे खेळणे त्यांनी पाहिले. मोजके सुटे भाग जोडून हवी ती वस्तू बनते, मग पुस्तकाचा विषय का नाही?

नवी पद्धत काय होती?

ड्युई दशांश पद्धतीत विषयांची यादी तयार असते. त्यातला क्रमांक पुस्तकाला द्यायचा. वापरायला सोपे. पण दोन-तीन विषय एकत्र आले, की अडचण होते. रंगनाथन यांनी विषयाचे पैलू वेगळे केले आणि ते कोलन (:) चिन्हाने जोडले. म्हणून ती ‘कोलन’ वर्गीकरण पद्धत.

मग अडले कुठे?

एकाच चिन्हाने कोणता पैलू कशाचा, हे स्पष्ट होईना. पुढच्या आवृत्त्यांत स्वल्पविराम, अर्धविराम, टिंब अशी चिन्हे वाढली. अचूकता आली, पण क्रमांक लांबले. नियम बदलले, की कर्मचाऱ्यांनी पुन्हा शिकायचे आणि जुन्या पुस्तकांचे क्रमांकही तपासायचे. परिणामी भारतातही बहुतेक ग्रंथालयांत ड्युईच राहिली. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे मात्र १९३१ च्या पाच सूत्रांत रंगनाथन यांनीच सांगितले होते.

मग ते चुकले का?

तसे म्हणता येणार नाही. वाचकाने क्रमांक उलगडावा, अशी त्यांची अपेक्षा नव्हती. त्या क्रमांकावरूनच साध्या शब्दांची वर्णानुक्रमी सूची तयार करण्याची रीतही त्यांनी दिली. अडचण होती ती क्रमांक हाताने बनवण्याच्या कष्टाची. आज ते कष्ट संगणक घेतो आणि आपण फक्त फिल्टरवर बोट ठेवतो. शोधसेवेत गुंतागुंत वाढवावी का, याचे उत्तर इथेच मिळते : तिचा भार शोधणाऱ्यावर पडत नसेल, तरच.

रंगनाथन यांचे १९७२ मध्ये निधन झाले. १२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.