तोंडाच्या कर्करोगाचा माग काढणारे डॉ. खानोलकर

बोरीवली स्थानकाबाहेरच्या पानटपरीजवळ सकाळच्या गर्दीतही तळहातावर तंबाखू-चुना मळणारे दिसतात. त्याच गर्दीतला एखादा प्रवासी काखेत फाइल धरून चर्चगेटकडची लोकल पकडतो, प्रभादेवीला उतरतो आणि पूल ओलांडून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातो. टपरी आणि रुग्णालय यांचा संबंध आज शाळकरी मुलालाही सांगावा लागत नाही. ऐंशी वर्षांपूर्वी मात्र त्याबद्दल संशय होता, पुरावा तोकडा होता. तो पुरावा गोळा करणाऱ्यांमध्ये मराठी माणसाचे एक नाव अग्रभागी आहे, ते म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातली एम.डी. ही पदवी मिळवली. विकृतिशास्त्र म्हणजे पॅथॉलॉजी. आजाराने शरीराच्या पेशींत आणि ऊतींत काय बदल होतात, याचा अभ्यास. त्या काळी विलायतेहून परतलेला डॉक्टर सहसा दवाखाना थाटायचा. खानोलकरांनी सूक्ष्मदर्शक आणि अध्यापन निवडले. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रे खानोलकरांकडे आली. गाठीचा छोटा तुकडा काढायचा, त्याचे पातळ काप करून रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कर्करोग आहे की नाही ते ठरवायचे, हे त्यांचे रोजचे काम. बायोप्सी आजही मुळात याच पद्धतीने होते.

या कामात एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. पाश्चात्त्य देशांतल्या ग्रंथांमध्ये तोंडाच्या कर्करोगाला जेवढी जागा होती, त्याच्या मानाने परळला येणारे रुग्ण फारच जास्त होते. मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी केवळ रुग्ण मोजले नाहीत. रुग्ण कोणत्या भागातला, कोणत्या समाजातला, काय खातो, काय चघळतो, काय ओढतो आणि गाठ नेमकी कुठे आहे, याची सांगड घातली.

पुढच्याच वर्षी डॉ. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी सवयींतून उद्भवणाऱ्या तीन कर्करोगांची नोंद केली. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्टा नावाचा चिरूट जळते टोक तोंडात ठेवून ओढत. तिथे गाठ टाळूवर येई. तंबाखूत चुना मळून खैनी खालच्या ओठामागे दाबून ठेवणाऱ्यांना ती ओठाजवळ होई. वर्षानुवर्षे धोतर कंबरेला घट्ट आवळणाऱ्यांच्या कातडीवर त्याच जागी कर्करोग आढळे. जिथे सततचा घर्षण-दाह किंवा तंबाखू, तिथेच रोग, हा धागा त्यातून स्पष्ट झाला.

तरीही हा धागा म्हणजे सिद्धता नव्हे, हे खानोलकर जाणून होते. रुग्णांमध्ये तंबाखू खाणारे पुष्कळ आहेत, एवढे सांगून भागत नाही. निरोगी लोकांमध्ये ते किती, हेही मोजावे लागते. संख्याशास्त्राची जाण असलेले डॉ. एल. डी. संघवी आणि अन्य सहकाऱ्यांसह त्यांनी अशी तुलना केली. ती १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. तंबाखू चघळण्याचा संबंध मुख्यतः तोंडाच्या पोकळीतल्या कर्करोगाशी, तर विडी ओढण्याचा संबंध जिभेच्या मुळाशी आणि घशात होणाऱ्या कर्करोगाशी दिसला. गुटख्याची पुडी बाजारात येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

दरम्यान, १९५२ मध्ये परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली होती. या केंद्रात त्यांनी प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे तंत्र रुजवले. कर्करोगाबरोबरच कुष्ठरोग आणि रक्तगट यांवरही खानोलकरांचे काम होते. विकृतिशास्त्रज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष, १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक होते. पद्मभूषणनेही त्यांचा गौरव झाला. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

कारण सापडले, पण एक अडचण खानोलकरांच्या काळात सुटली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तुकडा येतो तो गाठ किंवा जखम दिसल्यावर. तोंडातली सुरुवातीची जखम दुखत नाही, म्हणून माणूस थांबतो. तोंड उघडेनासे झाले, मानेत गाठ आली की मग परळ गाठतो. तोवर उपचार अवघड झालेले असतात. म्हणून गाठ दिसण्याआधीच तिची चाहूल लागेल का, हा प्रश्न पुढच्या पिढीकडे आला.

त्याचे एक संभाव्य उत्तर लाळ, रक्त आणि लघवीत शोधले जात आहे. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले होते की, कर्करोगाची पेशी साखर अधाशासारखी खाते आणि प्राणवायू असतानाही तिचे बरेचसे लॅक्टिक आम्लात रूपांतर करते. भराभर वाढण्यासाठी तिला अमिनो आम्ले लागतात, नवी आवरणे बांधायला कोलीन लागते. पेशीच्या या चयापचयातून तयार होणारे आणि उरणारे बारीक रेणू आजूबाजूच्या द्रवात उतरतात. तोंडातल्या गाठीभोवती तर लाळ सतत खेळत असते. त्यामुळे लाळेतल्या किंवा रक्तातल्या या रेणूंचे बदललेले प्रमाण हीच रोगाची खूण ठरू शकते. त्यांना चयापचयाचे जैवसूचक म्हणतात.

खानोलकरांचे केंद्र आणि टाटा रुग्णालय १९६६ मध्ये एका छत्राखाली आले. २००२ मध्ये संशोधनाचा हा पसारा नवी मुंबईतल्या खारघरला गेला आणि संस्था अ‍ॅक्ट्रेक या नावाने ओळखली जाऊ लागली. तिथे तोंडाच्या कर्करोगासाठी रामन वर्णपट पद्धतीचा अभ्यास झाला आहे. नमुन्यावर लेसरचा प्रकाश टाकायचा आणि विखुरलेल्या प्रकाशातून त्यातले रेणू ओळखायचे, ही ती पद्धत. तोंडाच्या आतल्या त्वचेप्रमाणेच रुग्णांच्या रक्तातल्या सीरमवरही ती वापरून पाहिली गेली. जिच्यावर ती आधारलेली आहे तो रामन परिणामही २८ फेब्रुवारीचाच, १९२८ सालचा.

मात्र खानोलकरांनी घालून दिलेली कसोटी इथेही लागू पडते. लाळेतले रेणू जेवणाने, दिवसाच्या वेळेने, हिरड्यांच्या आजाराने आणि खुद्द तंबाखूनेही बदलतात. कर्करोग नसलेला पण तंबाखू खाणारा माणूस आणि रुग्ण यांतला फरक चाचणीला ओळखता आला पाहिजे, तोही वेगवेगळ्या ठिकाणच्या मोठ्या गटांत. तोवर अशा चाचण्या संशोधनातच राहतात. लाळेच्या एका थेंबावर कर्करोगाचे निदान करण्याचा दावा कुणी केला, तरी निर्णय आजही बायोप्सीच देते.

वाट पाहण्याची गरज मात्र कुणालाच नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, कमी उघडणारे तोंड, अकारण हलू लागलेला दात, मानेतली गाठ, न सुटणारा आवाजाचा घोगरेपणा, यांपैकी काहीही दिसले तर दंतवैद्याकडे, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे किंवा जवळच्या पालिका दवाखान्यात तोंड दाखवावे. तंबाखू, मावा, मशेरी, विडी यांची सवय असलेल्यांनी काहीही दुखत नसतानाही वेळोवेळी तपासणी करून घ्यावी. सवय सोडली तर धोका हळूहळू उतरतो. खानोलकरांनी रुग्णाला सर्वात आधी विचारले ते त्याच्या सवयींबद्दल. तो प्रश्न स्वतःला विचारायला कोणतीही प्रयोगशाळा लागत नाही.