जेनी लिंड : कंठाचें ऋण फेडणारी गायिका

परमेश्वरानें मनुष्यास ज्या देणग्या दिल्या आहेत त्यांत मधुर कंठ ही मोठी विलक्षण देणगी होय. ती पैशानें मिळत नाहीं, आणि जिला मिळते तिच्यापाशींही ती फार दिवस टिकत नाहीं. चित्रकाराचें चित्र मागें उरतें, कवीचें काव्य उरतें. परंतु ज्या काळीं ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती त्या काळीं गायकाचा स्वर त्याच्या श्वासाबरोबरच नाहींसा होई. अशा क्षणभंगुर देणगीचा विनियोग कसा करावा, हा प्रश्न ज्या स्त्रीपुढें आयुष्यांत वारंवार उभा राहिला, तिचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

जेनी लिंड हिचा जन्म स्वीडन देशाची राजधानी स्टॉकहोम येथें ६ ऑक्टोबर १८२० रोजीं झाला. वडील हिशेबनीस होते. आई शाळा चालवीत असे. घरांत पैसा बेताचा, आणि सौख्य त्याहूनही बेताचें. जेनीचें बालपण कांहीं परक्यांच्या घरीं व कांहीं आजीच्या सहवासांत गेलें. तिचें एक लाडकें मांजर होतें. खिडकींत बसून ती त्याला गाणीं म्हणून दाखवी. ती नऊ वर्षांची असतांना राजनाट्यगृहांतील एका नर्तकीच्या दासीनें रस्त्यानें जातां जातां तें गाणें ऐकलें व आपल्या बाईस सांगितलें. नर्तकीनें मुलीला नाट्यगृहाच्या गायनशिक्षकापुढें उभें करविलें. इतक्या लहान मुलीस दाखल करून घेण्यास तेथील अधिकारी प्रथम राजी नव्हता. पण तिचें गाणें ऐकतांच त्याचा विरोध मावळला, असें सांगतात. तिचें शिक्षण सरकारी खर्चानें व्हावें असें ठरलें. एका दासीनें क्षणभर थांबून कान दिला, म्हणून जगाला ही गायिका लाभली!

नाट्यगृहाच्या शाळेंत तिला गायन, नृत्य व अभिनय हीं तिन्ही शिकावीं लागलीं, आणि दहाव्या वर्षापासून ती रंगभूमीवर दिसूं लागली. युरोपांत ऑपेरा म्हणून जो संगीत नाटकाचा प्रकार आहे, त्यांत पात्रें बहुतेक सारें भाषण गाऊनच करितात. स्त्रियांच्या सर्वांत उंच स्वराला तेथें सोप्रानो म्हणतात. जेनीचा स्वर त्याच जातीचा होता. ७ मार्च १८३८ रोजीं वेबर याच्या ‘डेर फ्रायशुट्झ’ या ऑपेरांत तिनें अगाथेची भूमिका केली, आणि एका रात्रींत तिचें नांव स्टॉकहोमभर झालें. तो दिवस ती आपला दुसरा जन्मदिवस मानीत असे. इ. स. १८४० मध्यें, वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास, स्वीडनच्या राजकीय संगीत अकादमीनें तिला सभासद करून घेतलें.

परंतु याच यशांत मोठें संकट दडलें होतें. कोवळ्या वयांत एकामागून एक भूमिका केल्यामुळें व योग्य मार्गदर्शनावांचून गळ्यावर ताण दिल्यामुळें तिचा आवाज घोगरा होऊं लागला. कौतुक करणारे लोक पुष्कळ होते, पण दोष दाखविणारा गुरु जवळ नव्हता. जेनीनें मात्र स्वतःस फसविलें नाहीं. स्वीडनच्या गांवोगांवीं जलसे करून तिनें पैसे जमविले, आणि इ. स. १८४१ मध्यें ती पॅरिस येथें मॅन्युएल गार्सिया या विख्यात गायनशिक्षकाकडे गेली. हा गार्सिया मोठा चिकित्सक मनुष्य होता, पुढें इ. स. १८५४ मध्यें आरशाच्या साह्यानें स्वतःच्याच गळ्यांतील स्वरतंतू हालतांना पाहून त्यानें वैद्यकशास्त्रासही उपकृत केलें. त्यानें जेनीला पहिली आज्ञा केली ती गाण्याची नव्हे, तर मौनाची! कांहीं आठवडे तिनें मुळींच गाऊं नये, बोलणेंही शक्य तितकें कमी करावें, असें त्यानें बजाविलें.

राजधानींत जिच्या नांवाचा जयजयकार झाला होता, तिला परक्या शहरांत गप्प बसावयाचें होतें, आणि गेलेला आवाज परत येईलच अशी कोणाची हमी नव्हती. आमच्या मतें तिच्या आयुष्यांतील सर्वांत कठीण दिवस ते हेच. मौन संपल्यावर तिला पहिल्या धड्यापासून आरंभ करावा लागला. श्वास कसा घ्यावा, एक स्वर दुसऱ्यास कसा जोडावा, सप्तक सावकाश कसें चढावें व उतरावें, हें नवशिक्या मुलीप्रमाणें ती रोज घोटीत बसे. इ. स. १८४२ मध्यें ती स्वदेशीं परतली, तेव्हां तिचा आवाज केवळ बरा झाला नव्हता, तर पूर्वीपेक्षां अधिक समर्थ झाला होता.

यापुढें तिची कीर्ति देशोदेशीं पसरली. इ. स. १८४३ मध्यें ती डेन्मार्कमध्यें गायिली. तेथील प्रसिद्ध कथालेखक हान्स क्रिस्तियन आंदरसन तिच्या गाण्यानें मोहून गेला. त्याच वर्षीं त्याची नाइटिंगेल पक्ष्याची गोष्ट प्रसिद्ध झाली. जेनीलाही लोक स्वीडनची नाइटिंगेल म्हणूं लागले. नाइटिंगेल म्हणजे तिकडची कोकिळाच समजावी. इ. स. १८४४ मध्यें बर्लिन शहरानें तिला डोक्यावर घेतलें. श्रेष्ठ संगीतकार मेंडेल्सोन याच्याशीं तिचा स्नेह जडला. ४ मे १८४७ रोजीं लंडनमध्यें ती प्रथम रंगभूमीवर आली, तेव्हां व्हिक्टोरिया राणी स्वतः उपस्थित होती.

आणि मग, कीर्तीच्या शिखरावर असतांना, १० मे १८४९ रोजीं तिनें ऑपेराची रंगभूमि कायमची सोडली. त्या वेळीं तिचें वय अवघें २८ वर्षांचें होतें. रंगभूमि पापमय आहे म्हणून तिनें ती टाकिली, असें कोणी म्हणतील. आमच्या पालकवर्गांतही हें उत्तर पुष्कळांस रुचेल. आम्हांस तें पुरेसें वाटत नाहीं. ज्या नाट्यगृहानें एका गरीब मुलीला शिकविलें, त्याचे उपकार कांहीं थोडे नव्हते. तिची धर्मवृत्ति प्रखर होती हें खरें; पण अखंड प्रवासाचा शीण आणि शांत गृहजीवनाची ओढ हींही कारणें होतीं. ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं, तिनें गाणें सोडलें नाहीं. ती जलशांतून व ऑरॅटोरिओंतून गात राहिली. ऑरॅटोरिओ म्हणजे बहुधा पवित्र शास्त्रांतील एखादी कथा, वेष व अभिनय यांवांचून, केवळ गायनवादनानें सादर करणें होय. आमच्या मंडळ्यांतून ख्रिस्ती कीर्तन ज्यांनीं ऐकलें असेल, त्यांना याची थोडीबहुत कल्पना येईल.

मेंडेल्सोननें आपला ‘एलाया’ हा ऑरॅटोरिओ रचतांना जेनीचा स्वर मनांत धरिला होता. परंतु तिच्या मुखांतून तो ऐकण्यापूर्वींच, ४ नोव्हेंबर १८४७ रोजीं, त्याला मृत्यूनें गांठलें. मित्राच्या वियोगाचें दुःख उराशीं धरून जेनीनें डिसेंबर १८४८ मध्यें लंडनच्या एक्झिटर हॉलमध्यें तो ऑरॅटोरिओ गायिला. त्यांतून सुमारें १,००० पौंड जमले व मेंडेल्सोनच्या नांवानें शिष्यवृत्ति निघाली. इ. स. १८५६ मध्यें ती प्रथम मिळविणारा विद्यार्थी आर्थर सलिव्हन हा पुढें मोठा संगीतकार झाला.

इ. स. १८५० मध्यें बार्नम नांवाच्या अमेरिकन व्यवस्थापकानें १५० जलशांसाठीं, प्रत्येकीं १,००० डॉलर देऊं करून, तिला बोलाविलें. स्वीडनमध्यें गरीब मुलांसाठीं मोफत शाळा काढण्याकरितां पैसा हवा होता, म्हणून तिनें हें मान्य केलें. बार्नमनें जाहिरातीचा असा कांहीं गाजावाजा केला कीं, न्यूयॉर्कच्या पहिल्या जलशाचें पहिलें तिकीट लिलावांत २२५ डॉलरांस गेलें. त्या जलशाचें आपलें उत्पन्न तिनें त्याच शहरांतील धर्मादाय संस्थांस वांटून टाकिलें. पण आपला स्वर बाजारांतील वस्तूसारखा विकला जावा, हें तिला सहन होईना. सुमारें ९५ जलशांनंतर, इ. स. १८५१ मध्यें, तिनें बार्नमशीं केलेला करार संपविला व पुढील जलसे स्वतःच्या व्यवस्थेखालीं केले. अमेरिकेंतील मिळकतीचा फार मोठा भाग तिनें परोपकारासाठीं दिला.

५ फेब्रुवारी १८५२ रोजीं बोस्टन येथें पियानोवादक ओटो गोल्डश्मिट याच्याशीं तिचा विवाह झाला. त्यांना तीन मुलें झालीं. इ. स. १८५५ पासून हें कुटुंब इंग्लंडमध्यें स्थायिक झालें. नॉर्विच शहरीं तिनें इ. स. १८४९ मध्यें केलेल्या जलशांच्या पैशांतून आजारी मुलांसाठीं एक रुग्णालय इ. स. १८५४ मध्यें उघडलें होतें. पुढें इ. स. १८७५ मध्यें लंडनचें बाख गायकवृंद स्थापन झालें व तिचा पति त्याचा पहिला संचालक झाला. तेव्हां जगानें डोक्यावर घेतलेली ही गायिका त्या वृंदांतील स्त्रियांस धडे देई, आणि त्यांच्याच रांगेंत उभी राहून गाई. इ. स. १८८३ मध्यें लंडनचें रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिक सुरू झालें, तेव्हां तेथें ती गायनाची अध्यापिका झाली. गार्सियानें जें तिला शिकविलें, तें आतां ती तरुण मुलींच्या स्वाधीन करूं लागली.

२ नोव्हेंबर १८८७ रोजीं इंग्लंडांतील मॉल्व्हर्न टेकड्यांतील आपल्या घरीं तिनें देह ठेविला. आपल्या संपत्तीचा मोठा वांटा तिनें स्वीडनमधील गरीब प्रॉटेस्टंट विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठीं ठेविला होता. इ. स. १८९४ मध्यें वेस्टमिन्स्टर ॲबेंत तिचें स्मारक बसविण्यांत आलें, आणि इ. स. १९९६ मध्यें स्वीडननें काढलेल्या ५० क्रोनरांच्या नोटेवर तिची प्रतिमा छापली.

तिचा स्वर आज कोणासही ऐकतां येत नाहीं. तरीही तो व्यर्थ गेला असें कोण म्हणेल? मोफत शाळा, रुग्णालय व शिष्यवृत्ति यांच्या रूपानें तो तिच्यामागेंही लोकांच्या उपयोगीं पडला. धन्यानें दिलेला पैसा मातींत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दाखला आमचे विद्यार्थी जाणतात. परंतु देणगी पुरून ठेवणें हा जसा एक अपराध, तसाच टाळ्यांच्या नादानें ती उधळून टाकणें हाही दुसरा अपराध होय. जेनी लिंड हिनें हे दोन्ही टाळिले. आवाज बिघडला तेव्हां मौन धरून पुन्हां शिकण्याचा धीर तिनें दाखविला, आणि धन मिळालें तेव्हां तें वांटण्याचें औदार्य दाखविलें. आमच्या शाळेंतील कोणाला गळा लाभला असेल, कोणाला गणिताची बुद्धि, कोणाला हातांचें कौशल्य. विद्यार्थ्यांनो, आपली देणगी ओळखा, ती गुरूच्या हातीं द्या, आणि जी पक्व होईल ती दुसऱ्यांसाठीं वेंचा. आणि पालकहो, रस्त्यानें जातां जातां थांबून ऐकणाऱ्या त्या दासीप्रमाणें आपणही आपल्या मुलांकडे कान द्यावा, इतकीच आमची विनंति.