आधी खेळ बदलला, मग शब्द

सन १९१७. तेव्हा जर्मनीत आणि आज पोलंडमध्ये असलेल्या एका खाणगावच्या रुग्णालयात पाठीचा कणा मोडलेला तरुण खाणकामगार दाखल झाला. कमरेखालचे अंग लुळे पडले होते. तो काही आठवड्यांचाच सोबती आहे, असे तेथे मदतनीस म्हणून राबणाऱ्या लुडविग गटमन या मुलाला सांगण्यात आले. पाचेक आठवड्यांत तो जंतुसंसर्गाने दगावलाही. धडधाकट दिसणाऱ्या त्या तरुणाचा चेहरा लुडविग विसरला नाही.

३ जुलै १८९९ रोजी जन्मलेले गटमन पुढे मज्जासंस्थेचे नामांकित तज्ज्ञ झाले. मात्र ते ज्यू होते. नाझी सत्तेवर येताच १९३३मध्ये त्यांना नोकरीवरून काढण्यात आले आणि ब्रेसलाऊ शहरातील ज्यू रुग्णालयात काम करावे लागले. नोव्हेंबर १९३८मध्ये ज्यूंवर हल्ले सुरू झाले, त्या रात्री दारात येईल त्याला दाखल करून घ्या, असा आदेश त्यांनी दिला. सकाळी गेस्टापोचे अधिकारी आले, तेव्हा एकेका खाटेजवळ थांबून प्रत्येकाचा आजार त्यांनी सांगितला. आश्रयाला आलेल्या ६४ जणांपैकी ६० जण वाचले. मार्च १९३९मध्ये ते पत्नी व दोन मुलांसह इंग्लंडला पोहोचले.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी लंडनजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मज्जारज्जूच्या दुखापतींसाठी विभाग सुरू झाला आणि तो गटमन यांच्याकडे आला. युद्धातले जखमी सैनिक तेथे येत. अशा रुग्णाची गणना तेव्हा ‘बरा न होणारा’ अशीच होई. त्याला वेदनाशामके द्यायची, शांत पडू द्यायचे आणि वाट पाहायची. गटमन यांचा आक्षेप नेमका याच शब्दांवर होता. तुटलेला मज्जारज्जू सांधता येत नाही, हे त्यांनाही मान्य होते. पण रुग्ण मरत होते ते दुसऱ्याच दोन कारणांनी. संवेदना गेल्याने एकाच कुशीवर पडल्याचे कळत नाही, दाबाखालच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो आणि खोल जखमा होतात. लघवी तुंबून जंतुसंसर्ग होतो, तो मूत्रपिंडापर्यंत जातो. ही दोन्ही कारणे टाळण्याजोगी होती.

त्यांनी शिस्त घालून दिली. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. कॅथेटर घालताना काटेकोर स्वच्छता पाळायची. गटमन स्वतः अवेळी वॉर्डात फेरी मारत. रुग्ण जगू लागले, तसा पुढचा प्रश्न उभा राहिला. जगून करायचे काय? गटमन यांचे उत्तर होते काम आणि खेळ.

खेळ ही करमणूक नव्हती, उपचाराचाच भाग होता. धनुष्य ओढताना दंड, खांदे आणि पाठीचे स्नायू बळकट होतात, बसल्या जागी तोल सांभाळता येतो. शिवाय चाकाच्या खुर्चीतला तिरंदाज उभ्या तिरंदाजाशी बरोबरीने स्पर्धा करू शकतो. शरीर खेळाच्या साच्यात बसत नसेल, तर खेळच शरीराप्रमाणे जुळवून घ्यायचा, या विचाराला आज क्रीडाशास्त्रात ‘अनुकूलित शारीरिक हालचाल’ म्हणतात. चाकाच्या खुर्चीवरील बास्केटबॉलमध्ये जाळीची उंची तीच राहते. बदलतो तो नियम. चेंडू हाती असताना चाकाला सलग दोनदाच ढकलता येते, मग चेंडू आपटावा लागतो. खेळाची चुरस मात्र कमी होत नाही.

२९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरली. त्यांत २ महिला होत्या. १९५२मध्ये डच खेळाडू आले आणि १९६०मध्ये रोम येथे २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. पुढे रूढ झालेल्या ‘पॅरालिंपिक’ या शब्दातील ‘पॅरा’ आधी पॅराप्लेजियाचा, म्हणजे कमरेखालच्या लुळेपणाचा होता. आज त्याचा अर्थ ‘समांतर’ असा घेतला जातो. शब्द तोच राहिला. आजाराचे नाव मागे पडून बरोबरीचे नाते पुढे आले.

१९७२मध्ये या स्पर्धा जर्मनीतच, हायडेलबर्ग येथे झाल्या. ज्या देशाने गटमन यांना नोकरीतून हाकलले, तेथेच त्यांची चळवळ सन्मानाने पोहोचली. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी तेथे ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

गटमन १८ मार्च १९८० रोजी निवर्तले. त्यांच्या लिखाणातले काही शब्द आज खटकतील, कारण ते त्यांच्या काळाचे होते. मराठीतही पंगू, अपंग, विकलांग, दिव्यांग असा प्रवास झाला आहे. माणसाआधी त्याचे व्यंग पुढे करणारा शब्द सोडायलाच हवा. मात्र केसपेपरवर कितीही आदराचा शब्द लिहिला, तरी दोन तासांनी कूस बदलायला कोणी आले नाही, तर त्या शब्दाचा रुग्णाला काहीही उपयोग नाही.